पहिली पेंढी

सुगीच्या उपासनेला मी उपदेश करायला का उठत नाही, ते ऐका एकदा. एका वर्षी सोलापुरात आमच्या मिशनच्या देवळात मीच, शाळेचा मास्तर, उपदेशाला उभा होतो. म्हटलं, यहुदी लोक सुगीच्या सणाला पहिली पेंढी देवापुढे ओवाळायचे. ती पेंढी म्हणजे मेलेल्यांतून उठलेला येशू. ती आली, म्हणजे मागचं सगळं रान कापणीला येणारच. आपली गेलेली माणसंही अशीच उठतील.

दारातच कोंडाबाईनं गाठलं. इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचा एकुलता एक मुलगा गेला होता.

"मास्तर, पयली पेंढी काढली की मागचं रान किती दिसांनी काढत्यात?"

"पंधरा दिवसांत," मी खुशीत सांगून बसलो.

"मग येशूच्या मागचं रान का थांबलंय? पिकली ज्वारी कोन अशी ठेवतंय व्हय? पाखरं खात्यात की."

"देवाची वेळ यावी लागते, बाई," म्हणून सटकलो. पण वर्षभर मला काही चैन पडलं नाही.

पुढच्या सुगीला ती स्वतःच पेंढी घेऊन आली. सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"मास्तर, देवाकडं कापनीला मानसं कमी पडत असतील तर सांगा. माजा इळा धार लावून तयार हाय."