मागच्या खोलीतलं कपाट

नाही नाही, चपला आत घेऊन या, बाहेर नका ठेवू, माकडं नेतात — हो, खरंच नेतात, गेल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याची, निलेशची एक नेली, एकच, दुसरी तशीच ठेवली, आता तो म्हणतो ही पण देऊन टाक त्यांना, निदान जोडी तरी होईल — या ना, बसा. तुम्ही त्या नितेशने पाठवलेल्या ना, एजंटने? चार वाजता एक मॅडम येतील म्हणालेला. नाव? नाव राहू दे हो, नाव कळलं की मला माणसाशी खोटं बोलता येत नाही — म्हणजे, कडक बोलता येत नाही. मी श्रुतिका. आम्ही आत्ताचे भाडेकरू. घर दाखवायचं काम पण आमच्याच गळ्यात, कारण मालक नाशिकला आणि एजंटला ऊन लागतं, मग काय, जाणाऱ्यानेच येणाऱ्याला दाखवायचं. दाखवते. सगळं खरं खरं दाखवते.

हा हॉल. हवा झकास, त्यात बोलायला जागा नाही, मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी तळमजला, मागे अंगण, शोधून मिळणार नाही — पण ओल. ही भिंत बघा, पावसाळ्यात हिच्यावर बुरशी चढते, पुसली की परत चढते. मोबाईलला रेंज नाही, बोलायचं तर खिडकीत जाऊन हात बाहेर काढायचा. आणि बिबट्या. नितेशने सांगितलं नाही? तो कशाला सांगतोय. अहो, मागे सगळं जंगलच की, येतो कधी कधी. सोसायटीच्या कॅमेऱ्यात आहे — पहाटे गेटमधून आत आला, वॉचमनची खुर्ची हुंगली, गाड्यांमधून एक चक्कर मारली आणि आला तसा गेला. वॉचमन? वॉचमन खुर्चीतच होता, झोपलेला, त्याला दुसऱ्या दिवशी व्हिडिओ दाखवला तेव्हा ताप आला. हसताय काय? मागच्या रविवारी भांडुपचं एक जोडपं आलेलं, बिबट्याचं ऐकलं आणि बाईंनी पर्स उचलली, पाणी पण प्यायल्या नाहीत. तुम्ही बऱ्याच धीट दिसता, वाट लागली माझी — म्हणजे, चांगलं आहे, धीट असावं.

आत कोण खोकतंय? सासूबाई माझ्या. शेवंतीबाई. जुना खोकला आहे, ओलीचाच, डॉक्टर म्हणाले या घरात हा बरा व्हायचा नाही. हे किचन. इथून माकडं बघतात तुम्ही काय करताय ते, शेंगदाण्याचं कूट करताना तर अख्खं खानदान जमतं. हे बाथरूम, याचा दिवा — अरे, तुम्हाला कसं कळलं बटण बाहेर फ्रिजच्या मागे आहे ते? सगळे आत चाचपडत बसतात. आणि हे मागचं दार, सांभाळा, चौकट खाली — वा, बरोबर वाकलात, निलेशचं डोकं अडीच वर्षं झाली तरी आठवड्यातून एकदा आपटतं.

तर हे अंगण. काही खास नाही. म्हणजे संध्याकाळी इथे बसलं की बरं वाटतं, साडेपाचला त्या टेकडीवरून वारा येतो, नुसता येतो असा, आणि धनेशाची जोडी येते समोरच्या वडावर, आमची मुलगी तर गृहपाठ इथेच — नाही, पण डास. डास फार. हा? हा फणस आहे. नाही, सोसायटीचा नाही, आमचा. सासूबाईंनी लावला. राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात फणस खाल्ला आणि एक आठळी इथे पुरली. मी म्हटलं आई, भाड्याच्या घरात फणस लावतं का कोणी, अळू लावा, कोथिंबीर लावा, महिन्यात खाऊन मोकळं. फणस धरायला सात वर्षं लागतात आणि आपल्याला इथे तेहतीस महिने. तर म्हणतात कशा, झाडाक काय म्हायत गो, लावणारो भाडेकरू की मालक. आता माझ्या खांद्याला लागलाय. रोज सकाळी त्याच्याशी बोलतात, मालवणीत, माझ्याशी बोलतात त्यापेक्षा गोड.

काय म्हणालात? नको? घर भाड्याने नकोच आहे? खरंच? मग आलात कशाला — बघायला. नुसतं बघायला. अहो ताई, बसा, बसा, आता तुम्हाला चहा दिल्याशिवाय सोडतेय का मी. आई, बस करा खोकणं, ह्यांना घर नकोय. बघा, थांबल्या की नाही? ठणठणीत आहेत त्या, सकाळी पाण्याच्या बादल्या उचलतात. मीच सांगितलंय, माणसं आली की खोकायचं. पण त्यांना भान राहत नाही, मागे एकदा एवढ्या रंगात आल्या की येणाऱ्या बाईंनीच त्यांची पाठ चोळली अर्धा तास. थांबा, काहीतरी सांगायचंय ना तुम्हाला, सांगा, चहा टाकते आधी. आलं चालतं? चालतंच.

चार फॅमिल्या पळवल्या मी, ताई. एकीला बिबट्या, एकीला माकडं, एकीला ओल, आणि ते चौथे होते ना, कशालाच घाबरेनात, त्यांना सांगितलं की सोसायटीचे सेक्रेटरी रोज सकाळी सहाला दार वाजवून योगाला नेतात. गेले. पाप आहे, माहितीये मला. पण काय करू? मालक भला माणूस हो, अंबादास सर, ट्रॉम्बेला अणुकेंद्रात होते, रिटायर झाले, बोलणं इतकं मऊ — पण त्यांना कुणीतरी डोक्यात भरवलंय की अकरा महिन्यांचे तीन करार झाले की भाडेकरू बदलायचा, नाहीतर तो घर सोडत नाही. तेहतीस महिने म्हणजे तेहतीस. मी फोनवर म्हटलं सर, आमच्यात काही कमी पडलं का? तर म्हणाले श्रुतिकाबाई, तुमच्यात काही नाही, नियम आहे. डिसेंबरला भरतात. लग्नाला चौदा वर्षं माझ्या आणि हे सातवं घर. दहिसरला नाक्याजवळ तीन झाली, शेवटचं एकोणिसाव्या मजल्यावर, तिथे सासूबाई खिडकीपाशी बसायच्या आणि खाली बघायच्या नाहीत, वर बघायच्या. दीड वर्षात माझ्याशी भांडल्या सुद्धा नाहीत, एवढ्या गप्प. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी भांडल्या, मी एवढी खूश झाले की निलेशला ऑफिसात फोन केला. आता त्यांना परत कुठल्या मजल्यावर नेऊ? आणि फणस कसा नेऊ?

चहा घ्या. साखर बरोबर आहे ना? काय बघताय — ते मागच्या खोलीतलं कपाट? ते मालकांचं. एक कपाट कुलूपबंद ठेवून, लाल रिबिनीची चावी घेऊन गेलेत, सगळेच मालक ठेवतात, कुठे माळा, कुठे कपाट. हात लावायचा नाही असं ठरलेलं. आणि हॉलमधे कोनाड्यात बुद्धांची मूर्ती ठेवून गेलेत, तिला मात्र हात लावा म्हणाले, सासूबाई आपल्या गणपतीसोबत तिथेही दिवा लावतात. पण कपाट नाही.

तुम्हाला एक सांगू? तुम्ही काय उद्या भेटणार नाही, घर पण तुम्हाला नकोय, तुम्हाला सांगायला हरकत नाही. हळू बोलते, सासूबाईंना माहीत नाही, निलेशला तर नाहीच. मी ते उघडलं. चोरी नाही हो — पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यामागच्या भिंतीला ओल आली, खाली वाळवीची माती दिसायला लागली, मी सरांना तीनदा फोन केला, सर, कपाटात काय आहे, खराब होईल. तिन्ही वेळा एकच, राहू द्या. राहू द्या म्हणजे काय? शेवटी एक दिवस आमच्या कपाटाची चावी लावून बघितली, नुसती गंमत म्हणून, आणि फिरली. जुनी लोखंडी कपाटं, एकाची दुसऱ्याला लागते कधी कधी. आत साड्या. बावीस. सरांच्या बायकोच्या, शकुबाईंच्या, सहा वर्षांपूर्वी गेल्या त्या. एवढ्या निगुतीने लावलेल्या आणि सगळ्यांना कुबट वास. मला सहन होईना. तेव्हापासून दर दिवाळीनंतर घरी कोणी नसलं की सगळ्या बाहेर काढते, सावलीत वाळवते, घड्या बदलते, कडुनिंबाचा पाला घालते आणि परत होत्या तशा ठेवते. त्यात एक पैठणी आहे, मोरपंखी. कोरी. दुकानातला दोरा सुद्धा तसाच.

होता. दोरा होता. असं बघू नका ना माझ्याकडे. गेल्या वर्षी माझा वाढदिवस होता, सदतिसावा, कुणाला आठवलं नाही, मला पण दुपारीच आठवलं. घरात मी एकटी, साड्या बाहेर काढलेल्या, ती हातात आली आणि काय झालं मला, अंगात आलं, नेसले. आरशासमोर इकडून बघते, तिकडून बघते, एकटीच हसते, वेड लागल्यासारखी. तशीच मागे अंगणात गेले, केसात माळायला जास्वंद तोडली, आणि वरून आवाज आला, शकु? पहिल्या मजल्यावरच्या द्रौपदीकाकू. गॅलरीत उभ्या, हातातला तांब्या पडला त्यांच्या, या इथे, फणसाच्या बाजूला. मला बघून नाही हो, साडीला बघून. शकुबाईंनी आणली तेव्हा पहिली त्यांनाच दाखवलेली. मग वर बोलावून सगळं सांगितलं मला. सरांची मुलगी कॉलेजात असतानाच आणून ठेवली होती म्हणे, येवल्याहून, स्वतः जाऊन. लग्न लागताना पोरगी त्यांच्या रीतीप्रमाणे पांढरी नेसेल आणि संध्याकाळी ही, घडी तिनेच मोडायची, असं ठरलेलं. आणि मग त्या गेल्या.

आणि घडी मी मोडली. आपल्यात घडी मोडायला कुणाला देतो आपण? बहिणीला, जावेला, जिवाभावाच्या माणसाला. मी कोण? तेहतीस महिन्यांची भाडेकरीण. त्या दिवसापासून झोप नाही बघा मला नीट. दोरा परत बांधला मी, पण माझी गाठ वेगळी दिसते. घर सोडताना सर कपाट उघडणार, ती मुलगी कधीतरी ती साडी हातात घेणार, आणि तिला कळणार. फणसासाठी थांबायचंय हे खरं, पण हे पण खरं. पळवून लावते माणसं, म्हणजे ते कपाट कुणी उघडायला नको. हसा आता. तुम्ही हसत नाहीयात.

थांबा, फोन, खिडकीत जाते — हां नितेश, बोल — मॅडम? अरे आल्यात की, चहा घेतायत — काय? कुठे अडकल्यात? घोडबंदरला? आज येत नाहीत — मग — बरं. बरं, ठेव.

ताई, तुम्ही नितेशच्या मॅडम नाही.

नाव सांगत होतात तुम्ही. दोनदा. मीच बोलू दिलं नाही, माझ्या जिभेला हाड नाही. बटण फ्रिजच्या मागे ते तुम्हाला माहीत. चौकट माहीत. आणि ती पर्समधून काय काढताय — ती चावी — लाल रिबिनीची —

मित्राताई. संघमित्रा. सरांची लेक, सर फोनवर मित्रा मित्रा करतात.

उघडा. तुमचंच आहे. मी बाजूला होते. ती डावीकडे, सगळ्यात खाली, मलमलीच्या फडक्यात. मी काही बोलत नाही, तुम्ही काय बोलायचं ते बोला, सरांना आत्ता फोन करा हवं तर, खिडकीत रेंज येते. एकच सांगते, डाग नाही पडलेला, जरीची तार कुठे तुटलेली नाही, मी ओठ चावून घडी घातली होती. रडू नका ना. तुम्ही रडलात तर मी काय करू? मला ओरडा त्यापेक्षा.

काय? मी कशी दिसत होते? — बरी दिसत होते. खोटं कशाला बोलू. छान दिसत होते.

नेसून बघायची? आत्ता? बघा की, तुमची साडी, विचारताय कुणाला. नेसता येत नाही? शिकवायचं राहून गेलं — असू दे, असू दे, मला येते, या इकडे आरशासमोर, जीन्सवरच चालेल, सरळ उभ्या राहा फक्त. खांदे अगदी शकुबाईंसारखे हो तुमचे, द्रौपदीकाकूंनी सांगितलेत तसे. लग्न कधी? फेब्रुवारीत? अगं बाई. आणि नेसवायला मी यायचं? येईन हो, कुठूनही येईन, पण ताई, आमचे महिने डिसेंबरला भरतात, तेव्हा आम्ही कुठल्या टोकाला असू — काय म्हणालात? परत म्हणा. नाही, ऐकू आलं, तरी परत म्हणा. बाबांना तुम्ही सांगणार. चौतिसावा महिना पण इथेच. आणि फणस खायला तुम्ही येणार. आई, ओ आई, ऐकलंत का — नाही, थांबा, हलू नका, निऱ्या सुटतील. त्या डबीतल्या पिना द्या बघू, चार, नाही, सगळ्याच द्या, तोंडात धरते, नाहीतर आता मी भोकाड पसरेन आणि पैठणीवर पाणी पडेल. द्या. ह्या एकदा तोंडात धरल्या ना, की मग मला