गुरुवारची सुई

सुमित्रा : आधी दार लोट. आणि हळू बोल, तुझे मामा बाहेर बाकावर बसलेत.

भूमिका : मामा चहाला खाली गेलेत. मामी, मला सरळ सांग. काल गुरुवार होता. काल घेतलीस का?

सुमित्रा : काय घेतलं?

भूमिका : माझ्या आईच्या शुगरच्या इंजेक्शन-पेनातली सुई.

सुमित्रा : जयश्रीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

भूमिका : पाच महिने भिजला की. आज सकाळी मी सांगितलं, मामीच्या पित्ताशयात खडे निघाले, उद्या ऑपरेशन आहे. तशी ती नेपानगरच्या बस स्टँडवरच मटकन खाली बसली. म्हणाली, "माझ्या हातानं झालं गं हे." मला वाटलं हिला चक्कर आली. मग सगळं बोलली. एक गुरुवार तिचा, एक गुरुवार तुझा.

सुमित्रा : तिला बोलू नकोस काही. वजन उतरतं म्हणून मीच मागितली. नणंद-भावजय आम्ही, बावीस वर्षं एका ताटात जेवलो. म्हटलं, हेही वाटून घेऊ. सुई बदलत होतो ना दर वेळी.

भूमिका : सुई बदलून काय होतं मामी? पेन एकाचं म्हणजे एकाचंच. एकीचं रक्त मागं पेनात जाऊ शकतं. मी मेडिकलवर बसते, दिवसातून दहा जणांना हेच सांगते, आणि माझ्याच घरात... आता दोघींचं रक्त तपासावं लागेल. आणि आईची शुगर का उतरत नव्हती ते आज कळलं. औषध आठवड्याला एकदा घ्यायचं, ती घेत होती पंधरा दिवसांनी. डॉक्टर बिचारे म्हणाले असर होत नाहीये, डोस वाढवला. तो वाढलेला डोस तू सरळ घेतलास. लोक थोड्यापासून सुरू करतात, महिन्या-महिन्यानं चढवतात. म्हणून तर तुला उलट्या होत होत्या. आणि वजन असं झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडेही होतात.

सुमित्रा : मला वाटलं, पाप बाहेर पडतंय.

भूमिका : मजाक नको करू.

सुमित्रा : मजाक नाही गं.

भूमिका : काल घेतलीस का नाही?

सुमित्रा : घेतली. सकाळी. संध्याकाळी कळ उठली आणि इथं आणलं.

भूमिका : आणि इथल्या भरतीच्या कागदावर लिहिलंय, "इतर औषधं : नाही." अक्षर मामांचं आहे.

सुमित्रा : सिस्टरनं विचारलं, मी मान हलवली, त्यांनी लिहिलं. त्यांना काय माहीत.

भूमिका : मग मी जाऊन सांगते.

सुमित्रा : थांब. काही गरज नाही. उपाशीपोटी राहा म्हणाले, तर कालपासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. आज एकादशीच आहे. उपाशी राहायला मला कुणी शिकवायचं?

भूमिका : हेच तर सांगतेय! ही सुई पोटाला सुस्त करते. तुला वाटतं रिकामं, पण परवा खाल्लेलं अजून तिथंच पडलेलं असू शकतं. भूल दिली की ते वर येतं आणि श्वासात जातं. फुप्फुसात. माणसाचा टेबलावर जीव जाऊ शकतो, मामी. भूल देणाऱ्या डॉक्टरला माहीत असलं तर तो आधी पोट बघतो, वेगळ्या पद्धतीनं करतो, नाहीतर पुढं ढकलतो. माहीतच नसलं तर काय करणार तो?

सुमित्रा : मग सगळ्यांना कळेल.

भूमिका : कळू दे.

सुमित्रा : तुला नाही समजायचं. मी कीर्तनाला नारदाच्या गादीवर उभी राहते, भूमिका. पूर्वरंगात सांगते, देह म्हणजे भाड्याची खोली, तिला रंग लावत बसू नका. आणि घरी येऊन पोटाची चिमूट धरून सुई टोचते.

भूमिका : डॉक्टरकडे गेली असतीस तर कोण हसलं असतं? गुडघे खराब, वजन जास्त. त्यांनी तपासून, नीट बघून, तुझं स्वतःचं औषध दिलं असतं. त्यात लाज कसली? औषध वाईट नाहीये. चोरून घेणं वाईट.

सुमित्रा : दवाखान्यात गेले असते तर रांगेत चार श्रोते भेटले असते. मागच्या वर्षी इच्छापूरला कीर्तन संपलं, देवीपुढं वाकले, आणि मला उठताच येईना. दोन बायांनी काखेत हात घालून उभं केलं. मागं कुणीतरी हसलं. आपल्या पेटीवाल्या नंदकुमारनं सूर मोठा केला आणि ते हसू झाकलं. पण मी ऐकलं होतं.

भूमिका : मामी...

सुमित्रा : मग वजन उतरायला लागलं. चांदनी गावच्या सप्ताहात एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, एवढ्या कशा उतरलात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "एकादशीनं. निर्जळ धरा, शरीर आपोआप हलकं होतं." टाळ्या पडल्या. पुढच्या गावात लोकांनी तेच पुन्हा मागितलं. आणि मी दिलं.

सोजरबाई : येऊ का व माय? ताई झोपल्या का?

सुमित्रा : या, सोजरबाई, या. भूमिका, या लोधीपुऱ्याच्या. पहिल्या ओळीत बसतात. माझं एकही कीर्तन चुकवलं नाही यांनी.

सोजरबाई : कसं चुकवीन? गुडघे दुखतात म्हणून कीर्तन चुकवणारी मी नव्हे. आता पायीच आली बघा लोधीपुऱ्यापासून. दत्ताचा अंगारा आणलाय. लावते कपाळाला.

भूमिका : आजी, तुमचा हात किती कापतोय! बसा आधी. घामही आलाय.

सोजरबाई : ऊन आहे ना पोरी. आणि आज एकादशी. बसते जरा. खोली फिरल्यासारखी होतेय.

भूमिका : तुम्हाला शुगर आहे का, आजी?

सोजरबाई : हाव, बारा वर्षं झाली.

भूमिका : आज गोळी घेतली?

सोजरबाई : घेतली सकाळी. गोळीनं कुठं उपास मोडतो? पाण्याशिवायच गिळली, कोरडी.

भूमिका : आणि खाल्लं काहीच नाही? अरे देवा. आजी, ही साखर घ्या. ग्लुकोजची पुडी आहे माझ्याकडे, पाण्यात टाकते.

सोजरबाई : नको, नको. निर्जळ आहे माझं.

भूमिका : आजी, शुगर खाली गेलीय तुमची. इथंच पडाल.

सोजरबाई : पडली तर देवाच्या नावानं पडली. सातवी एकादशी आहे माझी, एक घोट नाही घेतला कधी. वजन उतरतंय बघा, ब्लाउज ढिले झाले. ताईंनीच सांगितलंय. ताईंचं बघून धरलंय मी.

भूमिका : मामी. बोल काहीतरी. माझं नाही ऐकणार त्या.

सुमित्रा : सोजरबाई, प्या ते.

सोजरबाई : तुम्ही नाही पीत अन् मला कसं सांगता? मी काय लहान आहे का उपास मोडायला?

सुमित्रा : प्या. मी उपासानं उतरले नाही.

सोजरबाई : काय म्हणता?

सुमित्रा : सुई घेत होते. वजनाची. नणंदेच्या औषधातली, चोरून. एकादशी मी आधीही धरत होते, वीस वर्षं. तेव्हा कुठं उतरले होते? तुम्ही तर बघितलंय मला.

सोजरबाई : चांदनीला सांगितलं ते?

सुमित्रा : खोटं.

सोजरबाई : गादीवरून?

सुमित्रा : गादीवरून.

भूमिका : आजी, ग्लास धरा. मी धरते, तुम्ही फक्त प्या. हळूहळू. अजून. सगळं संपवा.

सुमित्रा : देवाला उपाशी म्हातारी नको असते, सोजरबाई. हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. शुगरवाल्यांनी उपास डॉक्टरला विचारून धरावा, नाही धरला तरी नाव घेतलेलं पोचतं. मला माहीत होतं हे. टाळ्यांमध्ये विसरले.

भूमिका : मामी, आजींकडे लक्ष ठेव. मी सिस्टरला घेऊन येते, आजींची शुगर बघायला. आणि...

सुमित्रा : आणि तो कागदही आण. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलव. तुझ्या मामांनाही वर बोलव. मीच सांगते त्यांना, तू नको सांगूस.

(भूमिका जाते.)

सुमित्रा : बरं वाटतंय का?

सोजरबाई : कापरं थांबलं.

सुमित्रा : सोजरबाई, तुमच्याबरोबर अजून कुणी धरलं का निर्जळ?

सोजरबाई : आमच्या भजनातल्या नऊ जणींनी.

सुमित्रा : त्यांत शुगरवाल्या?

सोजरबाई : तिघी. एक मागच्या एकादशीला न्हाणीत पडली. मांडीचं हाड गेलं. आम्ही म्हटलं, तिची श्रद्धा कमी पडली.

सुमित्रा : माझ्या कानावर कुणी घातलं नाही.

सोजरबाई : तुम्हाला कसं सांगायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं.

भूमिका : मामी, डॉक्टर येतायत. म्हणाले, बरं झालं आज कळलं. उद्याचं होईल की थांबतील ते तपासून ठरवतील. मला राहवलं नाही, मामांना खालीच थोडं बोलले मी, ते जिन्यातच थांबलेत. आजी, सिस्टर तुमचं बोट टोचायला येतेय, तोपर्यंत उठायचं नाही. मग मी रिक्षानं घरी सोडते, आणि घरी गेल्या गेल्या जेवायचं.

सोजरबाई : जेवीन, पोरी. आता काय.

सुमित्रा : सोजरबाई, मी यातून उठले तर पहिलं कीर्तन लोधीपुऱ्यातच करीन. दत्ताच्या देवळात. जे तुम्हाला आत्ता सांगितलं, तेच गादीवरून सांगीन. सगळ्यांसमोर. तुम्ही याल ना? पहिल्या ओळीत?

सोजरबाई : अंगारा उशीखाली ठेवते तुमच्या. सांडू नका.

सुमित्रा : याल ना?

सोजरबाई : गुडघे फार दुखतात हो ताई आताशा.