तीन बोटांची शेपटी

मिसाए : हलू नका, कानामागे वस्तरा आहे. काय म्हणालात, कुठल्या कंपनीत?

ओकुदाइरा : मोटारींच्या. डोंगरापलीकडची ती. सदतीस वर्षं तिथं आराखडे केले.

मिसाए : मग दुकान चुकलात. लहानपणापासून बघतेय मी, त्या कंपनीतला एकही माणूस हे दार उघडून आत आला नाही. पुलाकडे दुसरा न्हावी आहे, त्याच्याकडे जातात सगळे.

ओकुदाइरा : चुकलो नाही. हिराबायाशी तोमोझोसानची मुलगी कुठं असते, असं विचारत विचारत आलो.

मिसाए : बाबांना ओळखत होतात तुम्ही?

ओकुदाइरा : मी ओकुदाइरा.

मिसाए : ओकुदाइरा. थांबा. नदीकाठचं घर, दारात काकी फळांचं झाड, नारिंगी फळांनी वाकलेलं?

ओकुदाइरा : तुम्ही केवढ्याशा होता तेव्हा. आठवतंय?

मिसाए : सात वर्षांची. बाबांना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. नवऱ्यानं कंपनीची एकुलती एक नवी गाडी मोडली, सगळ्यांच्या कष्टांची माती केली, म्हणून आई त्या गाडीवर खपलेल्या तुमच्या एकोणीस जणांच्या दारी गेली. प्रत्येक घरी योकानच्या गोड वड्यांचा डबा द्यायचा आणि कमरेत वाकून माफी मागायची. मलाही मान धरून वाकवायची. चार दिवस चालू होतं ते. बाकीच्यांनी दार धड उघडलंसुद्धा नाही. तुम्ही डबा दोन्ही हातांनी घेतलात. म्हणालात, मनाला लावून घेऊ नका.

ओकुदाइरा : हो. तसंच म्हणालो.

मिसाए : घरी येताना आई म्हणाली, हा माणूस भला आहे.

ओकुदाइरा : मिसाएसान, एका मासिकाला त्याच गाडीचा, 'सेकिरेई'चा इतिहास हवाय. ती गाडी कशी घडली, कुणाला काय सुचलं, ते सगळं. चाळीस पानं लिहिली. तोमोझोसान गेले ते अडुसष्ट साल आलं की हात पुढं जात नाही.

मिसाए : लिहा की. तुमचं तर नाव झालं त्या गाडीनं.

ओकुदाइरा : सुरुवातीला काहीच नव्हतं आमच्याकडे. मागचा आस छोट्या ट्रकचा उचलला. इंजिन तेवढं नवं, दमदार. वरचं अंग आधी मातीत घडवलं. नाव ठेवलं सेकिरेई, म्हणजे सतत शेपटी हलवणाऱ्या परीट पक्ष्याचं, आणि गाडीला शेपटीच नाही म्हणून आमचे आम्हीच हसायचो. समुद्राकाठी एक जुनी धावपट्टी होती, तिथं तोमोझोसान रोज ती पळवायचे. उतरले की बॉनेटवर वही ठेवून उभ्या उभ्या लिहायचे. ऑगस्टात त्यांनी लिहिलं, एकशे सत्तरच्या पुढे मागचं अंग हलकं होतं, वारा उचलतो. आठवड्यानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खाली दोन रेघा मारून.

मिसाए : सांगितलं होतं त्यांनी?

ओकुदाइरा : तीनदा. वही माझ्याकडेच यायची.

मिसाए : मग?

ओकुदाइरा : उपाय ठाऊक होता मला. डिकीच्या कडेवर तीन बोटं उंचीची पट्टी, वाऱ्याचाच दाब घेऊन मागचं अंग खाली बसवणारी. आराखडा खणात तयार होता. पण पत्र्याचे साचे कापून झाले होते. ते बदलायला सहा आठवडे लागले असते, आणि ऑक्टोबरअखेर टोकियोच्या प्रदर्शनात गाडी उभी करायची होती. मी त्यांना म्हटलं, एवढं प्रदर्शन होऊन जाऊ दे.

मिसाए : ते काय म्हणाले?

ओकुदाइरा : म्हणाले, तोवर मी सांभाळून घेतो. आणि डब्यातला भाताचा गोळा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

मिसाए : अख्खं म्हणून कधी काही खाल्लं नाही त्यांनी. पुढं सांगा.

ओकुदाइरा : त्या दुपारी समुद्रावरून आडवा वारा होता. एकशे नव्वद गाठा, असं मीच सांगितलं. पत्रकात छापायला आकडा हवा होता. ते एकदा वाऱ्याकडे बघत राहिले. मग हातमोजे चढवले. वाऱ्यानं मागचं अंग उचललं, आणि ते परत आले नाहीत.

मिसाए : कंपनीच्या कागदात होतं, चालकाचा अंदाज चुकला.

ओकुदाइरा : ती ओळ मी लिहिली. खालची सही माझी. वही मी घरी नेली, कुणाला दाखवली नाही.

(ती वस्तरा पुसून बाजूला ठेवते.)

मिसाए : आणि ती पट्टी?

ओकुदाइरा : लावली. प्रदर्शन हुकलंच होतं, साचे बदलले. सहाच आठवडे लागले. वसंतात गाडी बाजारात आली आणि लोक त्या शेपटीवरच भाळले. पुढं दोनदा गाडी नव्यानं केली. इंजिन बदललं, आस बदलला, शेपटी तशीच ठेवली. ती कुणाला सुचली असं विचारलं की माझं नाव सांगतात.

मिसाए : शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापाला गाडी हाकता येत नव्हती. मी अजून गाडी शिकले नाही, ओकुदाइरासान. भीती नाही वाटत. वाटायचं, आमच्या रक्तातच नसेल ते.

ओकुदाइरा : त्यांच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही.

मिसाए : हे तेव्हा बोलायचं होतं. दारात, डबा घेताना.

ओकुदाइरा : हो.

मिसाए : छत्तीस वर्षं, दर नव्या वर्षाला आई तुम्हाला शुभेच्छांचं कार्ड पाठवायची. त्या भल्या माणसाला, म्हणायची.

ओकुदाइरा : सगळी जपून ठेवलीत. उत्तर एकाचंही दिलं नाही. चार वर्षांपूर्वी कार्डं थांबली. मला वाटलं, त्या गेल्या असतील. खरं सांगायचं तर म्हणूनच आलो. त्या असत्या तर माझी छाती झाली नसती.

मिसाए : हात थरथरतो तिचा, म्हणून लिहीत नाही. मागच्या खोलीत बसलीय ती.

ओकुदाइरा : इथं?

मिसाए : बसा खाली. अर्धी दाढी राहिलीय. अशा तोंडानं जाऊ नका तिच्यासमोर.

ओकुदाइरा : मिसाएसान, वही आणलीय मी. ती तुम्ही त्यांना दिलीत तर... त्यांनी स्वतःच वाचलं तर...

मिसाए : अक्षर दिसत नाही तिला आता. तुम्हालाच सांगावं लागेल. आणि ऐकूही कमी येतं, तेव्हा मोठ्यानं सांगा.