अठ्ठावन्न कलमांचं खातं

...आणि मी विचारतो, अठ्ठावन्न कलमं माणसाने तळहाताएवढ्या काचेवर वाचायची कशी? वाचायची नसतील तर लिहिली कशाला, आणि लिहिली आहेत तर ती न वाचताच खाली 'मी हे वाचलं आहे आणि मला मान्य आहे' या वाक्यासमोरच्या चौकोनात बरोबरची खूण करा म्हणता, म्हणजे जगातल्या यच्चयावत माणसांकडून रोज खोटं वदवून घेता, आणि वर त्याला सोय म्हणता? तुम्हाला सांगतो, मी तक्रार करायला उभा राहिलेलो नाही. मी मितभाषी माणूस आहे. थोडक्यात सांगतो.

तेहतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानात जायचं, काटा तपासायचा, बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर जप्ती. मधलं काही नाही. न तपासता शिक्का मारला असं एकदाही घडलेलं नाही. माझे सासरे दुकानदार होते, त्यांचाही काटा तपासला, कमी भरला, जप्त केला... लग्नाला तेव्हा एकवीस दिवस झाले होते. पुढचे एकवीस दिवस ही माझ्याशी बोलली नाही. तत्त्वाला किंमत पडते. ती दिली.

आता मूळ विषय. हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याला नुसता उजेड-अंधार कळायचा, डावा पार पिकलेला. शस्त्रक्रिया करणारे नामांकित डॉक्टर बाहेरगावाहून वर्षातून दोनदाच येतात, आणि तपासणारे डॉक्टर म्हणाले की आणखी सहा महिने थांबलात तर त्या डोळ्याची हमी मी देत नाही. ठीक. यादीत नाव लागलं. एका सकाळी मी बाजारात होतो, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला, काका, तुमचा ईमेल पत्ता सांगा, त्यावर पत्र येईल, त्याला आज संध्याकाळी पाचच्या आत 'हो' असं उत्तर द्या, नाहीतर जागा पुढच्या रुग्णाला जाईल. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, असं तोंडी नाही चालत. मी म्हणालो, मी स्वतः येऊन लिहून देतो. त्या म्हणाल्या, कागदही नाही चालत. तेहतीस वर्षं ज्याच्या सहीवर दुकानं बंद पडली, त्याचा कागद चालत नाही आणि जे हाताला लागत नाही ते चालतं. आम्हाला मूलबाळ नाही, देवाची इच्छा. म्हणजे पत्ता मलाच काढायचा होता.

घरात फोनला रेंज नाही. जिन्यात अर्धी दांडी. गच्चीवर एक दांडी, पण तिथे पाण्याच्या टाकीचा पंप चालू झाला की तीही जाते. पूर्ण रेंज आमच्या इमारतीत एकाच ठिकाणी आहे, तळमजल्यावरच्या किराणावाल्याच्या दुकानात, साखरेच्या पोत्यापाशी. आणि हा किराणावाला कोण? अठरा वर्षांपूर्वी ज्याचं दुकान मी तीन दिवस बंद ठेवलं होतं, तो. मी दारात उभा राहिलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आतून स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "बसा साहेब. तपासून घ्या, चारी पाय बरोबर आहेत." टोमणा होता, पण स्टूलही होतं. मी बसलो.

मोबाइल कंपनीच ईमेलचं खातंही काढून देते, म्हणून तिच्या मदत केंद्राला फोन लावला. फोनवर बोलणं चालू असलं की इंटरनेट बंद, इंटरनेट चालू केलं की बोलणं तुटतं. हे दोनदा झाल्यावर किराणावाल्याने आपल्या दुकानाचा वायरचा फोन माझ्याकडे सरकवला. त्याची वायर गल्ल्यावरून आडवी ताणली गेली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याखालून वाकून आत येत होतं, माझ्याकडे बघत होतं, आणि वाकून बाहेर जात होतं. त्याच फोनवर त्याचा माल मागवला जातो, तो माणूस त्या दिवशी फोनवाचून राहिला. हे मी मुद्दाम सांगतो. चांगलं केलेलं सांगितलंच पाहिजे.

आणि पलीकडे मदत केंद्रातली ती मुलगी. नाव तिने सांगितलं होतं, पण इतक्या भरभर, की तेवढं एकच मला कळलं नाही; बाकी तिचा प्रत्येक शब्द तोलून दिल्यासारखा. सर, सेटिंगमध्ये जा. गेलो. सर, मोबाइल डेटा चालू करा. तिथे विमानाचं एक चित्र होतं. मला वाटलं, टपाल लांबचं असलं की विमानाने जातं, मी ते दाबलं. सगळ्या दांड्या गेल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आजोबा, घरात कुणी तरुण माणूस आहे का? ती म्हणाली, "हरकत नाही सर, आपण आधी विमान उतरवू." आणि तिचा आवाज चढला नाही.

मग पासवर्ड. मी परमेश्वराचं नाव घातलं. फोनने खाली लाल अक्षरात उत्तर दिलं, 'कमकुवत'. काय म्हणावं याला? त्या नावापुढे माझं जन्मसाल जोडलं, तेव्हा तो म्हणाला, 'मध्यम'. म्हणजे देवापेक्षा देव अधिक मी, हे थोडं बरं. शेवटी ती म्हणाली, सर, एखादं चिन्ह घाला, उद्गारचिन्ह चालेल. मी आयुष्यात उद्गारचिन्ह वापरलेलं नाही. घातलं. 'सशक्त'.

आणि मग आली ती अठ्ठावन्न कलमं. ती म्हणाली, सर, खाली चौकोनात खूण करा. मी म्हणालो, वाचल्याशिवाय नाही. मला वाटलं, आता फोन ठेवते. तर म्हणाली, "वाचा सर. मी आहे." दुपारचे दोन वाजत आले होते. पहिलं कलम, दुसरं कलम, प्रत्येक वाक्य असं की सुरुवातीला धरलेला कर्ता शेवटपर्यंत क्रियापदाला भेटत नाही. एकोणिसाव्या कलमापाशी आलो आणि दुकानासमोर पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. रेंज गेली. टँकर हलला, रेंज आली, आणि पडद्यावर पुन्हा पहिलं कलम. मी म्हणालो, पुन्हा वाचावं लागेल. ती म्हणाली, वाचा सर. आणि तिचा आवाज चढला नाही.

किराणावाल्याचा मात्र चढला. म्हणाला, "साहेब, साडेतीन झाले, मारा ना शिक्का." मी म्हणालो, अठरा वर्षांपूर्वीही तू हेच म्हणाला होतास. तो डाळ निवडायला लागला.

चार वाजून गेले तेव्हा मी एक्केचाळीसाव्या कलमावर होतो, आणि ही खाली आली. दोन मजले, एकोणचाळीस पायऱ्या, कठड्याला धरून, मोजत. हिला पायरी दिसत नाही. वायरही दिसली नाही. किराणावाल्याने ती हाताने वर धरली आणि म्हणाला, वहिनी, सावकाश. ही काय करायची, तुम्हाला सांगायचं राहिलं. ही तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. हिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. वेळ विचारली नाही, खातं विचारलं नाही. तिला म्हणाली, "जेवलीस का गं?"

पलीकडून काही उत्तर आलं असावं.

"सुट्टी किती वाजता होती तुझी?"

मग ही माझ्याकडे वळली, म्हणजे माझा आवाज जिथून येत होता तिकडे वळली. "दोनला होती तिची जेवायची सुट्टी. अहो, तुमच्या खरेपणासाठी ती पोर उपाशी बसलीय."

मी तुम्हाला सांगतो, मला तेहतीस वर्षांत कुणी काट्यावर चढवलं नव्हतं. मी म्हणालो, सतराच कलमं राहिली आहेत. ही म्हणाली, "खातं माझ्या नावावर काढा. डोळा माझा, खातंही माझं." नाव बदललं. पुन्हा तो चौकोन आला. आता ऐका. ही त्या मुलीला म्हणाली, "बाळ, मला वाचता येत नाही, दिसतच नाही. तू वाचलीस का ही कलमं?"

रिसीव्हर हिने जरा दूर धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "नाही मॅडम. मी सहा वर्षं इथे आहे, आमच्यात कुणीच वाचलेली नाहीत. सर पहिलेच."

"बरं. मग एवढं सांग, यात माझं काही चोरीला जाणार आहे का?"

ती थांबली. ते थांबणं मला ओळखीचं होतं. काटा तपासायला घेतला की दुकानदार असाच थांबतो, आणि मग हमखास सांगतो, छे साहेब, आमच्याकडे तसं काही नाही. ती म्हणाली, "थोडंसं जातं, मॅडम. सगळ्यांचंच जातं."

"खरं बोललीस," ही म्हणाली. "मान्य आहे." आणि चाचपडत अंगठा टेकवला.

तेहतीस वर्षं... हजारो दुकानं, हजारो काटे, आणि एकानेही, अगदी सासऱ्यांनीही, आपणहून सांगितलं नव्हतं की साहेब, थोडंसं कमी भरतं. जी मुलगी ज्या कंपनीचं मीठ खाते तिच्याच खुर्चीवर बसून, उपाशी पोटी, एका न दिसणाऱ्या बाईला खरं सांगते, तिला काय म्हणायचं? मी किराणावाल्याकडे पाहिलं. तो पोती सरळ करत होता. पोती सरळच होती.

चार चाळीसला दवाखान्याला पत्ता कळवला. चार छप्पन्नला पत्र आलं. मी उत्तर लिहायला घेतलं, 'आदरणीय महोदय, आपले आजच्या दिनांकाचे पत्र पावले...' किराणावाला खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "साहेब, पाया पडतो, हो लिहा." मी 'हो' लिहिलं, पाठवलं, आणि पडद्यावरचा तो ठिपका गोल फिरायला लागला. फिरतोय... फिरतोय. किराणावाल्याने दुकानभर हुकूम सोडला, सगळ्यांनी आपापलं इंटरनेट बंद करा, वहिनींच्या डोळ्याचा प्रश्न आहे. चौघांनी बंद केलं. पाचवा क्रिकेटचा सामना बघत होता, शेवटचं षटक, तीन चेंडू बाकी. त्याने हिच्याकडे पाहिलं आणि बंद केलं. याला त्याग म्हणतात. चार एकोणसाठला 'पाठवले' असं आलं. दवाखान्यातून फोन आला, नाव पक्कं. ही त्या मुलीला म्हणाली, आता आधी जेव. मग मी फोन घेऊन आभार मानले. ती म्हणाली, माझं कर्तव्य, सर. तीन तास. तिचा आवाज चढला नाही.

शस्त्रक्रिया झाली. देवाने हात दिला. हिच्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणून हिची पत्रं मी बघत होतो. कंपनीचं पत्र आलं, आमच्या प्रतिनिधीची सेवा कशी वाटली, पाचपैकी गुण द्या. मी विचार केला. असं करतो मी, विचार. पाचपैकी पाच म्हणजे पूर्ण. पूर्ण फक्त परमेश्वर. माणसाला देता येईल असा सर्वांत मोठा आकडा चार. मी चार दिले. तेहतीस वर्षांत मी कुणाला इतके दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ही खिडकीकडे बघेल, माझ्याकडे बघेल, अशी अपेक्षा. हिने फोन मागितला. स्वतःचं खातं, स्वतः उघडलं, आणि स्वच्छ डोळ्याने पहिलं जे वाचलं ते मोठ्याने वाचलं, "आपण दिलेले गुण, चार." मग माझ्याकडे बघितलं. इतकं नीट बघितलं की डॉक्टरांनी मान डोलावली.

"चार?"

मी परमेश्वराचं कारण सांगितलं. ही म्हणाली, "आमच्याकडे शेरेबुक होतं. 'उत्तम'शिवाय दुसरं काही लिहिलं की साहेब आत बोलवायचे. चार म्हणजे तिला बोलावलं असणार."

मी हादरलो. त्याच संध्याकाळी साखरेच्या पोत्यापाशी बसून कंपनीला पत्र लिहिलं, तीन परिच्छेद, निव्वळ स्तुती, आयुष्यातलं दुसरं उद्गारचिन्ह त्यात आहे. मिनिटात उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.' आणि दोन दिवसांनी आम्ही दोघं दुकानात असताना फोन वाजला. तीच.

"सर, आपली तक्रार माझ्याकडे सोडवायला आली आहे. कशाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल."

"काय चुकलं, सर?" आणि आवाज चढला नाही.

मी म्हणालो, तुझं काहीच चुकलं नाही, चार दिले ते माझं चुकलं. ती म्हणाली, असू दे सर, चार मिळाले की दोन दिवस प्रशिक्षणाला बसवतात, एवढंच. मी बसून आले. मी विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, ग्राहकाशी शांतपणे कसं बोलावं.

तिला! शांतपणे!

ती म्हणाली, सर, मग तक्रार मिटली असं लिहू का? मी म्हणालो, लिही. फोन ठेवला, आणि लगेच पत्र, तक्रार निवारण कसं वाटलं, पाचपैकी गुण द्या. ही शेजारी बसली होती. आता हिला माझ्या अंगठ्यावरची रेषासुद्धा दिसते. मी पाच दाबलं.

दाबलं. परमेश्वराचा होता तो आकडा, तो त्या पोरीला देऊन टाकला. आता वर गेल्यावर त्याने विचारलंच, तर त्याला चार. त्याचं काय... त्याला कुणी दोन दिवस प्रशिक्षणाला बसवणार नाही.