रिलीज मिळाला

बाबा : ते सगळं ठीक आहे गं, पण नव्या टीमची जॉइनिंग डेट काय? रविवारी माईकवर मला ते सांगावं लागणार.

उल्का : नवी टीम कुठली, बाबा?

बाबा : ते तू सांगायचंस! ऑक्टोबरपासून विचारतोय, दर वेळी 'बघू' म्हणतेस. आता फेब्रुवारी आला. ऐंशी माणसं येणार आहेत सत्काराला. मंडळाच्या यादवरावांनी बॅनरसुद्धा छापायला दिलाय. 'इंग्लंडमधील व्यावसायिक अष्टपैलू क्रिकेटपटू कु. उल्का निशिकांत गजभिये.' अष्टपैलू हा शब्द मी घालायला लावला. ते नुसतं 'खेळाडू' लिहीत होते.

उल्का : आपण उबीन बेटावर सायकल चालवायला निघालोय ना? मग चालवू या.

बाबा : आधी बोट तर सुटू दे. बारा माणसं भरल्याशिवाय हा बोटवाला काका सोडत नाही, आणि आत्ता आपण सात आहोत. तोवर बोलायला काय हरकत आहे? तुझ्या आईनेच सांगितलं, दोघं जा, बोला. काय बोला ते नाही सांगितलं.

उल्का : बाबा, रिलीज म्हणजे काय वाटतं तुम्हाला?

बाबा : घ्या! बावीस वर्षं इथे सिंगापुरात, वन-नॉर्थच्या ऑफिसात सॉफ्टवेअर करतोय, आता रिलीज तू मला शिकव. गेल्या वर्षी आमच्या प्रमोदला दुसऱ्या प्रोजेक्टवर जायचं होतं. मी आठ महिने त्याला रिलीज दिला नाही. चांगला माणूस कोण सोडतो? रोज येऊन टेबलाशी उभा राहायचा, 'सर, रिलीज द्या, सर, रिलीज द्या.' शेवटी दिला, पण जीव तुटला माझा. तेच तुझं. नऊ सीझन ठेवलं, मग रिलीज दिला. मोठ्या मनाचा आहे तुमचा क्लब.

उल्का : मी मागितला नव्हता.

बाबा : न मागता दिला?

उल्का : हो.

बाबा : मग तर आणखीच... थांब. न मागता कसा देतील? मागावा लागतो.

उल्का : ऑफिसात बोलावलं. कोच होते, आणि एक बाई होती, तिला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर टिश्यूचा डबा ठेवलेला. डबा बघितला आणि मला कळलं. कोच म्हणाले, आम्ही तुला रिलीज करतोय. तिकडे त्याचा अर्थ काढलं असा होतो, बाबा.

बाबा : काढलं म्हणजे?

उल्का : काढलं म्हणजे काढलं.

बाबा : तुझी काहीतरी गल्लत होतेय. इंग्रज लोक जरा गोल गोल बोलतात. 'करार वाढवू' असं म्हणाले असतील.

उल्का : बाबा, मी बारा वर्षं राहतेय तिकडे.

बाबा : अगं, पण तुझे आकडे आहेत ना माझ्याकडे! शीट केलंय मी. शेवटच्या सीझनला दोन फिफ्टी, चौदा विकेट. हे काय वाईट आहे?

उल्का : टीममधल्या एकीच्या एकतीस विकेट आहेत.

बाबा : तिला बॅटिंग येते का?

उल्का : नाही.

बाबा : मग!

उल्का : आणि दुसरीच्या सहा फिफ्टी आहेत.

बाबा : ती बॉल टाकते?

उल्का : हातसुद्धा लावत नाही. तिला लागतच नाही, बाबा. आधी मला घेतलं, का, तर दोन्ही येतं. पाठ दुखायला लागली, वेग कमी झाला. मग बॉलिंगमध्ये मी चौथी आणि बॅटिंगमध्ये सातवी. कोच म्हणाले, तू ऑलराउंडर आहेस, तोच प्रॉब्लेम आहे. नऊ वर्षं त्याच शब्दावर पोट भरलं, आणि त्याच शब्दावर घरी पाठवलं.

बाबा : मला काही कळत नाहीये.

उल्का : मलाही नव्हतं कळलं. मी थँक यू म्हणून बाहेर आले. थँक यू कशाबद्दल म्हटलं, देव जाणे.

बाबा : पण मग त्याच दिवशी सांगायचं ना मला!

उल्का : सांगितलं होतं की. फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'आय हॅव बीन रिलीज्ड.' दोन मिनिटांत तुमचं 'अभिनंदन बेटा!!' आलं. खाली टाळ्या.

बाबा : ...टाळ्या पाठवल्या होत्या खऱ्या मी.

उल्का : चार ओळी भरून. मग नागपूरच्या आत्याच्या टाळ्या. राणीमावशीने केक पाठवला, चित्रातला. पाचव्या दिवशी दार वाजलं. मी किचनच्या फरशीवर बसून रडत होते. दारात तुम्ही पाठवलेलं लाडवाचं पार्सल.

बाबा : अरे देवा. मग?

उल्का : मग काय, खाल्ले.

बाबा : सगळे?

उल्का : बाबा!

बाबा : नाही गं, म्हणजे... मला काय विचारावं तेच सुचेना. तुझ्या आईला हे माहीत आहे?

उल्का : पहिल्याच रात्री फोन आला तिचा. म्हणाली, उल्के, टाळ्या बाबांच्या आहेत, माझ्या नाहीत. काय झालं ते सांग.

बाबा : आणि पाच महिने माझ्याच घरात, माझ्याच समोर... मी रोज जेवताना तुझ्या नव्या टीमबद्दल बोलायचो. ती भात वाढायची.

उल्का : मीच शपथ घातली होती. मला वाटलं, मधेच दुसरा क्लब मिळेल आणि मग तुमचं खरंच होऊन जाईल. तीन ठिकाणी ट्रायल दिल्या. एकीकडे विचारलं, बॅटर की बॉलर? मी म्हटलं, दोन्ही. त्या बाईने कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. मला उलटं दिसलं ते, पण दिसलं.

बाबा : बरं, मग आता तू काय करणार?

उल्का : मला माहीत नाही ना! विमानात शेजारच्या आजींनी विचारलं, काय करतेस तू? इतकी वर्षं पटकन उत्तर यायचं. या वेळी मी चक्क खिडकीकडे बघत बसले. इथे उतरले तर तुम्हाला कायम राहायचा पीआर आणि मला नुसता व्हिजिट पास. आपल्याच पासिर रिसच्या घरात मी पाहुणी. आणि रविवारी माझा सत्कार! तो रद्द करा, बाबा. मला स्टेजवर नाही जायचं.

(बोटवाला हाक मारतो. दोघेही उठत नाहीत.)

बाबा : जाऊ दे ती. दुसरी येईल.

उल्का : तुम्ही रागावलात?

बाबा : नाही.

उल्का : लाज वाटतेय माझी? खरं सांगा. सगळ्यांना किती कौतुकाने सांगत फिरलात. मला त्याचीच भीती होती, बाकी कशाची नव्हती.

बाबा : लाज कसली? मला... हे बघ, मला काय वाटतंय ते मला नीट सांगता येत नाहीये. प्रमोद माझा कोण? कोणी नाही. पण त्याला सोडताना मी आठ महिने लावले. आणि तुला त्यांनी एका मीटिंगमध्ये सोडलं. कसं काय जमलं त्यांना?

उल्का : वीस मिनिटांची होती.

बाबा : वीस मिनिटं. आणि मी टाळ्या वाजवल्या.

उल्का : फोन कोणाला लावताय? बाबा, प्लीज, नको ना. ॲट लीस्ट घरी जाऊन लावा.

बाबा : गप बस जरा. हॅलो, यादवराव? जय भीम, जय भीम. बॅनर छापून झाला का? बरं. नाही, नाही, कार्यक्रम आहे तसाच. फक्त एक दुरुस्ती करायची होती. उल्काला क्लबने रिलीज दिला असं मी सांगितलं होतं सगळ्यांना. ते माझं चुकलं. तिला काढलं क्लबने. हो. काढलं, काढलं. नोकरीवरून काढतात तसं. नाही हो, तिने कुठे काय केलं? ऐकू येतंय ना? ठीक. अष्टपैलू राहू द्या. तो शब्द बरोबर आहे. चार वाजता, हो. ठेवतो.

उल्का : झालं. आता संध्याकाळपर्यंत अख्ख्या सिंगापूरला कळणार.

बाबा : कळू दे.

उल्का : मग सत्कार कशाबद्दल करणार आहात, ते तरी सांगा.

बाबा : ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. पण मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि मला तुझ्याबद्दल बोलायचंय.