वरातीसाठी आणलेला कॅमशाफ्ट

...न्हाय, पण माझं चुकलं कुठं, ते तुम्हीच सांगा की पावणं. मला फक्त वरात काढायची हुती. माझ्या भाचीची, पूर्णिमाची. एवढीशी हुती तवापास्नं म्हंतीया, "मामा, माझी वरात तुझ्याच गाडीतनं." आन् मी शब्द देऊन बसलोय. गाडी म्हंजे आमच्या आबांची जुनी मोटार, गोठ्याशेजारी पत्र्याखाली कोंबड्या सांभाळत उभी. लगीन ठरलं, बॉनेट उघडलं, तर इंजिन पार बसलेलं.

नेली टोचन करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चमन मिस्त्रीकडं. त्यानं इंजिन खोललं आन् एक दांडा माझ्या हातात दिला. "कॅमशाफ्ट गेलाय, बाळासो. घासलाय सगळा. नवा कसला घालू?" आता कसला म्हंजे काय? दांड्यावर उंचवटे असत्यात, ते फिरलं की इंजिनचं वॉल्व उघडत्यात, मिटत्यात. इंजिननं श्वास कवा घ्यायचा आन् किती घ्यायचा, हे ह्यो दांडा ठरवणार. मी म्हणलं, हुता तसला घाल. तर म्हंतोय, "तसला आता मिळतोय कुठं? जरा वरचढच घालूया की."

आन् तुम्हाला सांगतो, कोल्हापुरात बॉनेट उघडं ठेवून उभं ऱ्हायचं न्हाय. गल्लीतली माणसं चहाचा कप घिऊनच येत्यात. आमचा मेव्हणा विजयसिंह तर घरनं आला. "दाजी, पन्हाळ्याचा घाट तिसऱ्या गिअरला चढला पायजे." अरं, मी पन्हाळ्याला कशाला जाऊ, मला फक्त वरात काढायची हाय! "आज न्हाय, पण उद्या जाशिला की." बरं, उद्याचं आजच कशाला?

तेवढ्यात पार्टच्या दुकानातला उमर कागदात गुंडाळलेला एक दांडा घिऊन आला, बाळंतिणीचं पोर आणावं तसा. "काका, रेसचा हाय. वॉल्व जास्त उघडतोय, जास्त वेळ उघडा ऱ्हातोय. गाडी एकदा वेगाला लागली की ऐकत न्हाय." विजयसिंहनं हळूच इच्यारलं, "आवाज?" उमरनं डोळं मिटलं आन् तोंडानं काढून दाखवला... "धब्... धब्-धब्... धब्." चमन मिस्त्रीच्या हातातला पाना खाली आला. आता आवाजापुढं कोल्हापूरचा माणूस कवा शहाणा ऱ्हायलाय? मी म्हणलं, घाल.

मग काय, ह्याला स्प्रिंगा कडक लागत्यात, स्प्रिंगा कडक म्हणून वॉल्व दुसरं, वॉल्व दुसरं म्हणून कार्बोरेटर मोठा, कार्बोरेटर मोठा म्हणून सायलेन्सर रुंद... पूर्णिमाच्या शालूला मॅचिंग ब्लाऊज मिळाला, पर ह्याचं मॅचिंग सरंना. तिचा फोन आला, "मामा, गाडी हळू चालंल न्हवं?" मी म्हणलं, अगं, हळू काय म्हंतीस, पळंल! ती म्हंती, "पळून कुठं जायचंय मला?" हसलो मी तवा. मला फक्त वरात काढायची हुती, ते माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हवतं बघा.

वरात निघाली उचगावात. फुडं बँड, बँडफुडं पोरं नाचत्यात, एक पाऊल फुडं आन् दोन मागं. आन् माझा ह्यो रेसचा घोडा... धब्, धब्-धब्, फुस्स. बंद. पळताना ह्याला श्वास पुरतोय, हळू चाललं की गुदमरतोय! परत चालू केली, फुस्स. बंद पडू नये म्हणून पाय दाबून धरला, तर बँडवाला कान झाकून माझ्याकडं बघाय लागला. मग नाचणारी पोरं आली ढकलाय. नाचाय कोण न्हाय म्हणून बँड थांबला. त्यात पोरंही दमली. शेवटी नवरदेव, आमचा राजवीर, कोट काढून उतरला. आन् त्याच्या मागनं पूर्णिमा. शालू खोचून!

मी म्हणलं, पोरी, तू उतरू नगंस गं, माझ्या तोंडाला काळं लागंल. तर म्हंती कशी, "मामा, तू स्टेअरिंग सरळ धर. तुझी गाडी पायजे हुती मला. बसूनच जाणार असं कुठं म्हणलंतं?" खोटं कशाला बोलू, रडाय आलं मला. लई रडाय आलं.

आन् तशात नवऱ्याच्या दारात राजवीरची आजी धोंडुबाई, डोळ्यानं अधू, ताट घिऊन उभी. हारांनी मढलेली गाडी, आत एकटाच मी, डोक्याला फेटा, डोळं पुसतोय. धोंडुबाईनं मला ओवाळलं आन् सुनेला म्हंती, "नवरदेव लईच पिकलाय की गं."

जोडपं घरात गेलं, माणसं पांगली. मी किल्ली फिरवली, तर पहिल्या झटक्यात चालू! हायवेला लागलो, रस्ता मोकळा, पाय दाबला... काय सांगू पावणं, निस्ती सुटली. कागदाची फुलं उडून गेली, हार मागं राहिलं. आन् मागच्या सीटवर कोण? कोण न्हाय.

आता उभी हाय दारात. हळू चालवली की बंद, पळवली की थांबत न्हाय. मला फक्त वरात काढायची हुती, पर वरातीच्या कामाची ती न्हायच. तवा तुमच्या बघण्यात एखादं जोडपं घरच्यास्नी न सांगता पळून जाणार असंल, तर तेवढं माझ्याकडं धाडा.