सिंकखालची गाठ

हळू, आगाय, हळू! पाना ठेवताना तरी आवाज करू नका — ही खिडकी नीट लागत नाही आणि खाली बाकावर माझ्या सासूबाई बसल्यात. पंच्याहत्तरीच्या आहेत, पण कान असे की पलीकडच्या इमारतीत कुणी चहा ढवळला तर साखर किती चमचे ते सांगतील. विचारलंच कुणी तर तुम्ही नळ नाही, रेडिएटर बघायला आलात. — हो, माहितेय, रेडिएटर बाहेरच्या खोलीत आहे. मग म्हणा, खोली चुकली! आणि नावानं हाक मारत नाही म्हणून राग मानू नका हं, तुमचं नाव तेच माझ्या थोरल्या दिरांचं — सुनेच्या तोंडून ते निघालं तर झालंच मग. अठरा वर्षं मी त्यांना 'उंच टोपीवाले' म्हणतेय. तुम्ही आपले थोरल्या भावासारखे, नुसते आगाय.

हे दार ना, कपाटाचं नाहीच. आत डिशवॉशर आहे. यांनी आणि मी मिळून आणलं, सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा, आणि बाकीच्या कपाटांसारखीच फळी लावून घेतली. गळतंय काही फार नाही — सांडपाण्याची नळी सिंकच्या पाइपला जोडलीय ना, तिथून थेंब थेंब. दिवसाला वाटीभर. पण वाटीभर पाणी झिरपून राईसाच्या छतापर्यंत गेलं तर? राईसा खालच्या मजल्यावर राहते, आणि आत्ता कुठे बसलीय? सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून! — हसू नका. माझा संसार त्या नळीवर लटकलाय.

सांगते ना. आधी सासूबाई थोरल्या जावेकडे राहायच्या. एक दिवस जावेनं बेशबर्माकच्या मटणाखाली घालायला दुकानातून तयार लाटलेली कणीक आणली. बस्स. भांडण नाही, शब्द नाही — "या घरात हातांचं काम संपलं" म्हणाल्या आणि बोचकं उचलून गावी निघून गेल्या, एकट्या, जानेवारीच्या बर्फात. दोन दिवस धुराड्यातून धूर दिसला नाही म्हणून शेजाऱ्यानं दार फोडलं. हे त्यांना स्वतःच्या कोटात गुंडाळून घेऊन आले. तेव्हाच मला म्हणाले — "या घरातून आपा, माझी आई, निघाली, तर मीही तिच्यामागून निघेन." गमतीत नव्हे. हे गमती करत नाहीत. आणि आज संध्याकाळी नणंदेच्या सासरचे बावीस जण चहाला येणारेत. बावीस जण म्हणजे दीडशे वाट्या — बरं, शंभर धरा.

मग चालवते कसं? दार लावून घेते. नळ बारीक सोडते. मशीन घरघरतं, आणि मी चमच्यानं किटलीवर वाजवत बसते — टिण टिण, मध्येच एखादी थाळी आपटायची, मध्येच "अगं बाई!" म्हणायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण आता मला झोपेतही वाजवता येतं. झोपतेच ना! या स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून. चाळीस मिनिटं. दिवसभरात तेवढीच माझी असतात — पहाटे उठा, चहा ओता, पाहुणे, नातवंडं, पुन्हा चहा... कधी झोपते, कधी नुसतीच रडते. — नाही, काही झालेलं नाही. चाळीस मिनिटं आहेत म्हणून रडते. आणि बाहेर आले की सासूबाई माझे हात धरतात, मेंढीची चरबी चोळतात, म्हणतात, "बघ, काय झालेत तुझे हात, कार्लिगाश." माझे हात! त्यांच्याहून मऊ! आणि मी चोळून घेते, आगाय. मान खाली घालून चोळून घेते.

काय? नळी आवळणारा क्लॅम्प नाही? नाही कसा, मशीन बसवणाऱ्यानं लावला होता, लोखंडी — गंजून तुटलाय? हा काय तुकडा पडलाय तळाशी. मग एवढे दिवस नळी टिकली कशावर? — दोरा? कसला दोरा? तुम्हीच मागच्या खेपेला... नाही, मागे तुम्ही आलाच नव्हतात. दाखवा. बॅटरी इकडे धरा.

उंटाची लोकर आहे ही.

हातानं कातलेली. शहरात कोण कातणार — आणि ही गाठ बघा. ओळीनं कोकरं बांधतात ना, ती गाठ. ओढाल तितकी आवळते, भिजली की आणखी आवळते. मला येत नाही. यांना येत नाही. या अख्ख्या इमारतीत ती एकाच माणसाला... म्हणजे त्या इथे खाली वाकल्या होत्या. त्या गुडघ्यांनी. मोडलेल्या कंबरेनं. आणि हा दोरा काळा पडलाय, आगाय, हा काल-परवाचा नाही. म्हणजे तेव्हापासून रोज मी किटली वाजवतेय आणि त्या पलीकडे बसून ऐकताहेत — अरे देवा, ते "अगं बाई!" सुद्धा!

थांबा, कापू नका! नवीन क्लॅम्प लावलात तर त्यांना कळेल की मला कळलंय. नाही लावला तर बावीस जणांच्या चहाला राईसाचं छत पाझरणार. असं करा — आत क्लॅम्प, वरून तोच दोरा, तशीच गाठ. — येत नाही? तुमचे वडील मेंढ्या राखायचे म्हणालात की! शहरात येऊन काय काय विसरलात तुम्ही... मी तरी कुठली शिकले म्हणा. दोरा झिजून सैल पडलीय हो, गाठीचा एकच पीळ उरलाय, पुन्हा बांधायलाच हवी.

ऐका. जिन्यात काठी वाजतेय. दुसरा मजला. — नाही, दार लावू नका. राहू द्या उघडं. पानाही राहू द्या. क्लॅम्प तेवढा लावून द्या पटकन, आणि तो दोरा माझ्या हातात द्या.

आपा! बूट काढले की जरा स्वयंपाकघरात याल? एक गाठ मला बांधता येत नाहीये.

तुम्ही निघा, आगाय.